ब्राव्होचं पदार्पण: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: सप्टेंबर २०१६ची मँचेस्टर डर्बी (मँचेस्टर सिटी विरुद्ध मँचेस्टर युनायटेड) सिटीने २-१ जिंकली, गोलकीपर क्लॉडिओ ब्राव्होची ही सिटीकडून पहिलीच मॅच, तीही युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर, पायाने तो सुरेख खेळला आणि मी माझ्या लेखात एका चुकीवरून त्याला निकालात काढलं. एवढ्यावर थांबला असतात तर आपण नीट बोललो असतो. पण शेवटी लिहिलंत, "आयुष्यात कधी गोलमध्ये उभे राहिलात का? घरी बसून शहाणपणा शिकवणं सोपं असतं."

उभा राहिलोय. शाळा-कॉलेज धरून सहा वर्षं. उजव्या हाताची करंगळी आजही पूर्ण सरळ होत नाही. उंच बॉलवर बाहेर पडायचं की लाइनवर थांबायचं, हे ठरवायला क्षणभर मिळतो. पाऊल उचललं की 'कीपर!' म्हणून जिवाच्या आकांताने ओरडायचं. दोन्ही हातांत येणार नसेल तर बॉल मुठीने लांब घालवायचा. एका सेमीफायनलला मी ओरडलोच नाही. आमचा स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, मागे सरकत आला, त्याचा खांदा माझ्या छातीत बसला, बॉल निसटला आणि समोरच्याने तो रिकाम्या जाळ्यात ढकलला. आम्ही हरलो. 'असू दे, होतं असं' म्हणत मला कुणी गोंजारलं नाही, आणि ते बरंच झालं. त्यानंतर ओरडायला मी कधी विसरलो नाही. तेव्हा हा प्रश्न मला विचारू नका.

डर्बीत ४२व्या मिनिटाला युनायटेडच्या रूनीच्या फ्री किकवर तेच डोळ्यांसमोर आलं. ब्राव्हो बाहेर आला, आपल्याच बचावपटूवर, स्टोन्सवर आदळला, बॉल सुटला आणि युनायटेडच्या इब्राहिमोविचने तो हवेतच मारून गोल केला. एक मान्य करतो, लेखात स्टोन्सचा उल्लेख हवा होता, राहून गेला. पण स्टोन्स मागे सरकत होता आणि ब्राव्होला सगळं समोर दिसत होतं. बॉल त्याचाच होता.

तुम्ही म्हणता तसा २०११मध्ये युनायटेडचा नवा गोलकीपर डी गेआही अडखळला होता, हे खरंच. पण तो तेव्हा २० वर्षांचा पोरगा होता. ब्राव्हो या मॅचच्या वेळी ३३ वर्षांचा होता, बार्सिलोनातून आला होता, चिलीचा कर्णधार म्हणून लागोपाठ दोन कोपा अमेरिका (दक्षिण अमेरिकेतली देशांची स्पर्धा) जिंकला होता. त्याला नवखा म्हणून पाठीशी घालणं हा त्याचाच अपमान आहे.

बाकी पासिंग, सिटीचा तेव्हाचा प्रशिक्षक गार्डिओलाची पद्धत, नवा बचाव वगैरे मुद्द्यांत मी शिरत नाही. तेवढं मलाही कळतं. फक्त ज्या पायांचं तुम्ही कौतुक करताय, त्याच पायाकडून दुसऱ्या हाफमध्ये बॉल लांब सुटला आणि तो परत मिळवायला ब्राव्हो स्टड दाखवत रूनीवर घसरत गेला. रेफरी क्लॅटनबर्गने पेनल्टी दिली नाही, म्हणून स्कोअर २-१ राहिला. तेवढा भाग पुन्हा पाहा आणि मग लिहा. माझ्या घराबद्दल नको, बॉलबद्दल.