सगळे रस्ते काँक्रीट केले म्हणून खाडी स्वच्छ होत नाही

‘कोकणातले सगळे कच्चे रस्ते आणि पाखाड्या (पायऱ्यांच्या वाटा) काँक्रीट करा, रस्त्याचं पाणी पाईप टाकून सरळ खाडीत सोडा. गाळ बंद, प्रदूषण शून्य, मासळी दुप्पट. अमेरिकेच्या व्हर्जिन आयलंड्समध्ये असंच करून प्रवाळ वाचवले.’ हा मेसेज गेले काही दिवस गावागावांतल्या ग्रुपवर फिरतोय. आमच्या वहिनी ओहोटीला खाडीत तिसऱ्या (शिंपल्या) काढायला जातात. त्यांनीही तो मला पाठवला आणि विचारलं, ग्रामसभेत हा ठराव मांडूया का? वहिनी, या शब्दांत तर अजिबात नको.

यात एक गोष्ट खरी आहे, ती मान्य करावीच लागेल. उतारावरचा कच्चा रस्ता पावसात धुपतो आणि ती माती पऱ्यातून, म्हणजे ओढ्यातून, खाडीत येते. व्हर्जिन आयलंड्समधल्या सेंट जॉन बेटावर कार्लोस रामोस-शारॉन आणि ली मॅकडोनाल्ड या संशोधकांनी हे प्रत्यक्ष मोजलं. तिथे समुद्रात उतरणाऱ्या गाळाचा मोठा भाग कच्च्या रस्त्यांचाच होता. पण त्याच मोजमापात आणखी एक गोष्ट दिसली आणि मेसेजवाल्यांनी ती गाळली: यंत्राने नुकताच खरवडलेला रस्ता न खरवडलेल्या रस्त्यापेक्षा जास्त माती सोडतो. आपल्याकडे नेमकं मे महिन्याच्या शेवटी जेसीबी फिरवून रस्ता ‘करून’ घेतात आणि वर लाल माती ओततात. पहिल्या दोन सरींत ती पऱ्यात जाते. हे थांबवायला काँक्रीट लागत नाही.

आणि तिथे नुसती फरसबंदी झालेली नाही. त्याच बेटावरच्या कोरल बे भागात 2009 नंतर सरकारी निधीतून जी कामं झाली, त्यांत रस्ते पक्के करण्याबरोबर आडवे चर, मोऱ्या आणि गाळ अडवणारे खड्डेही होते. पाणी जागोजागी अडवून, वाटून काढून देणं हाच त्या कामाचा गाभा होता. मेसेज सांगतो त्याच्या बरोबर उलट.

आता सगळ्यात घातक वाक्य: ‘पाणी सरळ खाडीत सोडा.’ हे लिहिणाऱ्याने कोकणातला पाऊस पाहिलेला नाही. हिशोब सोपा आहे. तीन मीटर रुंद, एक किलोमीटर लांब रस्त्यावर एका दिवसात 100 मिलिमीटर पाऊस पडला (जुलैत यात नवल काहीच नाही) की तीन लाख लिटर पाणी होतं. काँक्रीटमध्ये ते मुरत नाही आणि उतारावर त्याचा वेग वाढतो. रस्ता जिथे संपतो तिथे जाऊन बघा. स्लॅबच्या टोकाखालची माती पोखरलेली असते, काँक्रीटची कड अधांतरी लोंबत असते आणि पुढे गुडघाभर खोल घळ पडलेली असते. म्हणजे रस्त्याची माती वाचली आणि त्याखालच्या बांधाची गेली. खाडीत लाल पाणी तेवढंच.

बरं, ते पाणी स्वच्छ तरी असतं का? पक्क्या रस्त्यावर टायरची झीज, ब्रेकची धूळ, गळकं ऑईल साचतं आणि मुरायला जागा नसल्याने पहिल्या पावसात सगळं एकदम वाहून जातं. अमेरिकेत सिएटलच्या परिसरातल्या ओढ्यांत पाऊस पडला की कोहो सामन मासे अंडी घालण्याआधीच मरायचे. कारण कित्येक वर्षं सापडत नव्हतं. डिसेंबर 2020 मध्ये ‘सायन्स’मध्ये ते प्रसिद्ध झालं: टायरच्या रबरातल्या एका रसायनाचा ओझोनशी संयोग होऊन बनणारा ‘6पीपीडी-क्विनोन’ हा विषारी पदार्थ. सगळ्या जातींच्या माशांवर तो सारखा परिणाम करत नाही आणि आपल्या वाडीत सिएटलएवढ्या गाड्याही नाहीत. पण तिसऱ्या पाणी गाळून खातात. त्या जिथे वाढतात तिथेच रस्त्याच्या पाण्याचं तोंड उघडायचं आणि वर ‘प्रदूषण शून्य’ म्हणायचं, हे मला पटणार नाही.

‘गाळ बंद’ म्हणजे जणू सगळा गाळ कच्च्या रस्त्यांचाच, हेही खोटं. चिरेखाणींची माती, प्लॉटिंगसाठी कापलेले डोंगर, बागेसाठी उघडे केलेले उतार, महामार्गाची कटिंग हे सगळं कुठे गेलं? ‘मासळी दुप्पट’ला काही आधारच दिलेला नाही, त्यावर काय बोलणार.

पाखाड्यांना मात्र हात लावू नका. जांभ्याच्या पायऱ्या पाण्याचा जोर मोडतात आणि सांध्यांतून थोडं पाणी जिरतंही.

वहिनी, ठराव मांडायचाच तर असा मांडा: पऱ्याला लागून असलेला खडा चढ तेवढा पक्का करावा, दर थोड्या अंतरावर आडवा चर काढून पाणी बाजूच्या झाडीत सोडावं, मोरीच्या तोंडाशी दगडी पिचिंग आणि खाली गाळखड्डा असावा, तो दर मे महिन्यात उपसावा. अंदाजपत्रकात गटार, मोरी आणि गाळखड्डा या बाबी वेगळ्या लिहिलेल्या नसतील, तर नुसत्या काँक्रीटला हात वर करू नका.