पटणं आणि पालटणं

एका लेखात वाचलं की ख्रिस्ताची शिकवण पटली म्हणजे माणूस ख्रिस्ती झालाच. मला हे अजिबात मान्य नाही. बायबलमध्ये ख्रिस्ताचा प्रेषित पौल याचं बोलणं अग्रिप्पा राजानेही ऐकलं, हा माणूस निर्दोष आहे असंही म्हणाला, आणि उठून गेला. लक्ष्मीबाई टिळकांच्या तर घरातच नवरा ना. वा. टिळकांसारखा बोलणारा माणूस. तरी त्यांचा बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती होण्याचा विधी, १८९५ चा आणि बाईंचा १९०० चा.

आम्ही जालन्याकडचे. मिशनरी नारायण शेषाद्रींनी वसवलेलं बेथेल हे ख्रिस्ती गाव जवळच, त्यामुळे ही चर्चा आमच्याकडे जुनीच. माझ्या वडिलांना येशूचं डोंगरावरचं प्रवचन तोंडपाठ होतं. वादात समोरच्याला गप्प करायचे. पण शेताच्या बांधावरून मोठ्या काकांशी अकरा वर्षं अबोला!

एका उन्हाळ्यात काकांची विहीर आटली. त्या संध्याकाळी वडील जेवता जेवता उठले, हात धुतला, आणि तसेच काकांच्या ओट्यावर जाऊन उभे राहिले. "दादा, माझं चुकलं. माझ्या विहिरीवर मोटर लावा." आवाज पार बसलेला होता. मी मागेच उभा होतो. वचनं त्यांना आधीही पटलेलीच होती की! बाप्तिस्मा त्यांनी पुढच्या वर्षी घेतला, पण ते ख्रिस्ती कधी झाले विचारलं, तर आई अजूनही त्याच संध्याकाळची तारीख सांगते.