चांद्रयान-३ ध्रुवावर उतरले नाही, आणि चंद्राचा सातबाराही कोणाच्या नावावर नाही

‘चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवावर उतरल्यामुळे तेथील पाण्यावर भारताचा हक्क झाला’ असा संदेश समाजमाध्यमांवर फिरतो आहे. त्यातील दोन्ही विधाने चुकीची आहेत.

विक्रम लँडर २३ ऑगस्ट २०२३ रोजी सुमारे ६९ अंश दक्षिण अक्षांशावर उतरला. ध्रुव तेथून ६०० किलोमीटरहून अधिक दूर आहे. अर्थात, त्यापूर्वी कोणतेही यान इतक्या दक्षिणेस अलगद उतरले नव्हते, त्यामुळे कामगिरीला अतिशयोक्तीची गरजच नाही.

हक्काबाबत सांगायचे तर, १९६७ च्या बाह्य अवकाश करारानुसार कोणत्याही देशाला चंद्रावर सार्वभौमत्व सांगता येत नाही, आणि भारत त्या कराराशी बांधील आहे.

मग चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडे जाण्यासाठी अमेरिका, चीन, रशिया, जपान यांची धावपळ कशासाठी? चंद्राचा अक्ष जेमतेम दीड अंश कललेला असल्याने ध्रुवावर सूर्य कायम क्षितिजालगत फिरतो. त्यामुळे शॅकल्टनसारख्या विवराच्या तळाशी ऊन कधीच पोहोचत नाही व तेथे बर्फ टिकून राहू शकतो, तर त्याच विवराच्या काठावरील काही उंचवट्यांना वर्षातील बहुतेक काळ सूर्यप्रकाश, म्हणजेच वीज, मिळते. बर्फापासून पिण्याचे पाणी, प्राणवायू आणि रॉकेटचे इंधन मिळवता येईल, अशी अपेक्षा आहे. वीज आणि बर्फ शेजारी-शेजारी असलेल्या अशा जागा मोजक्याच आहेत. मालकी मिळत नसली, तरी तेथे आधी तळ उभारणाऱ्याला हटवणे सोपे नसेल, आणि खरी चढाओढ त्यासाठीच आहे.