देव पहिला, चहा त्याच्याही आधी

संसाराच्या रगाड्यात ख्रिस्ती माणसाने श्रद्धेला पहिलं स्थान कसं द्यावं, असं तुम्ही विचारता. सोपं आहे. आधी गाडीची मागची काच पुसून घ्या. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातलं, सहाव्या अध्यायाचं ३३वं वचन तिच्यावर चिकटवायचं आहे. ‘प्रथम त्याचे राज्य’ एवढं झकास मावतं. पुढचं ‘व त्याचे नीतिमत्त्व’ मावत नाही, वायपर आडवा येतो. त्याला तुम्ही काय करणार?

आता रविवार. वसईत सातच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जाणाऱ्या पुरुषाने सहाला उठून इस्त्रीचा पांढरा शर्ट मागावा. स्वतः शोधू नये, ते ऐहिक काम आहे. चहाची धास्ती नको. पूर्वी मध्यरात्रीपासून उपास धरावा लागे. १९६४ पासून ख्रिस्तप्रसादाआधी, म्हणजे मिस्सात मिळणाऱ्या पवित्र भाकरीआधी, एक तास एवढीच अट उरली. आणि तो तास प्रसादापासून मागे मोजायचा, घंटेपासून नव्हे. फादर लांबण लावणारे असतील तर चहाबरोबर बटरही बसतं. प्रवचन सुरू झालं की बाहेर झाडाखाली पुरुषमंडळी जमतातच. तिथे गुंठ्याचा भाव या विषयावर मनन करावं.

बायको? ती पहाटेच्या मिस्साला जाऊन आलेली असते, नाहीतर बाळामुळे घरीच. तान्ह्या बाळाची काळजी हे रविवारचा मिस्सा चुकण्याचं रास्त कारण आहे, असं कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथाचं २१८१वं कलम सांगतं. त्या कलमात ‘आई’ हा शब्द नाही. हे घरी बोलू नका.

ईस्टरआधीच्या उपवासकाळात तर तुमची श्रद्धा नुसती झळकते. पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, कपाळाला राख लागली की बाटली बंद, मटण बंद, चाळीस दिवस. पण ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजले तर ४६ भरतात, कारण मधले सहा रविवार हिशोबात धरत नाहीत. मुलगी कितव्या इयत्तेत आहे हे ज्यांना बोटं मोजून सांगावं लागतं, त्यांनाही हे गणित तोंडपाठ असतं. मला कौतुक वाटतं.

म्हातारी आई गुडघ्याच्या डॉक्टरकडे ने म्हणाली, तर त्याच संध्याकाळी सणाच्या कमिटीची मीटिंग असलीच पाहिजे. देवाचं काम म्हटल्यावर आई काय बोलणार? ही युक्ती जुनी आहे. आईबापांना द्यायचं ते ‘कुर्बान’, म्हणजे देवाला वाहिलेलं, असं जाहीर केलं की हात मोकळे, असं येशूच्या काळीही चालायचं. तो त्यावर जे बोलला ते मार्काच्या सातव्या अध्यायात आहे. तो उतारा वाचायची पाळी तुमच्यावर आली तर माइकपासून जरा लांब उभे राहा.

कोणी फारच टोकलं तर कवी रेव्हरंड टिळकांचा दाखला द्यावा. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. जात गेली, घर मोडलं, तरी ख्रिस्त पहिला! तुमचं यातलं काहीच गेलेलं नाही, ही बाब किरकोळ. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली, स्वतःला पटल्यावर. मधल्या वर्षांत त्या बाईने काय सोसलं, असं विचारणारा कोणी निघालाच, तर विषय टिळकांच्या भजनांकडे वळवावा. भजनं खरोखर गोड आहेत.

ऑक्टोबर हा माळेचा, म्हणजे मारियेच्या जपमाळेचा महिना. त्यात तुम्ही कमिटीच्या कामातून रात्री नऊला घरी येता. आईच्या गुडघ्याला तेल लावून झालेलं असतं, बाळ झोपलेलं असतं. मोरीत भांड्यांचा ढीग असतो आणि बायकोचे ओठ हलत असतात. पुटपुटते आहे असं वाटून चिडू नका, माळ चालली आहे. हात ओले म्हणून मणी नाहीत. एक नमो मारिया, एक साबणाचं बोट, दहा बोटांचं एक दशक. तिचं चौथं दशक चालू असतं.

थांबू नका. जेवायला काय आहे ते विचारा.