दीड वाजल्यानंतर लेकरू कुठं?

आज सकाळी छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या बजाजनगरातल्या एका काकूंच्या घरगुती पाळणाघराचं पत्रक व्हॉट्सअॅपवर आलं आणि डोकंच फिरलं. रंगीत फुगे, फुग्यांत एबीसीडी, आणि मधोमध ठळक अक्षरांत: "अंगणवाडीत लेकरं नुसती खिचडी खातात, आमच्याकडे शिकतात!" खाली नर्सरी, एलकेजी, यूकेजीचे प्रवेश सुरू. पाळणाघर किती वाजता उघडतं, किती वाजता बंद होतं, एका बाईकडे किती लेकरं असतात, यातलं एक अक्षर त्यात नाही.

आधी त्या खिचडीबद्दल. तीन ते सहा वर्षांच्या लेकराला अंगणवाडीत रोज किती कॅलरी आणि किती प्रथिनं मिळावीत हे बघून ठरवून दिलेला तो आहार आहे. १९७५ पासून ही योजना चालू आहे. दर महिन्याला वजन-उंची घेणारी, लसीची आठवण करून द्यायला घरापर्यंत येणारी सेविका आपल्याच गल्लीतली बाई असते. तिच्या कामाला हिणवून गिऱ्हाईक ओढायचं? मला हे अजिबात पटत नाही. आणि ज्यांना माणुसकीचं वाटत नाही त्यांनी धंद्याचं तरी ऐकावं. मोठ्या भावंडाला त्याच अंगणवाडीत घालून निवांत असलेली आई हे पत्रक वाचते तेव्हा तिला स्वतःचाच अपमान वाटतो.

अंगणवाडीमुळे गिऱ्हाईक जाईल ही काकूंची भीती मात्र खोटी नाही. २०२० च्या शैक्षणिक धोरणानं तीन ते सहा हे वय शिक्षणाच्या पहिल्या टप्प्यात आणलं. २०२३ मध्ये अंगणवाडीत आहाराबरोबर शिकवण्यासाठी केंद्राचं 'पोषण भी, पढाई भी' आलं, २०२४ मध्ये या वयासाठी 'आधारशिला' अभ्यासक्रम आला, सेविकांची प्रशिक्षणं चालू आहेत. सकाळचं शिकणं फुकट, घराजवळ आणि आता आणखी नीट मिळणार असेल तर आईबाप तिकडे जाणारच. जावंच. तीन वर्षांच्या लेकराच्या सकाळच्या चार तासांसाठी सरकारशी झुंजण्यात काकूंचे पैसे आणि जीव दोन्ही वाया जातील.

पण अंगणवाडी चालते साधारण चार-पाच तास. दीड वाजता लेकरू मोकळं. आई कुठं असते तेव्हा? जनरल शिफ्टला असेल तर घरी यायला सहा वाजतात. गंगापूर, वैजापूर, पैठणकडे अपडाऊन करणारी शिक्षिका सकाळी आठला निघते ती संध्याकाळी साडेसहाला उगवते, आणि उन्हाळ्यात सकाळची शाळा लागली की तिला सहालाच घर सोडावं लागतं. नर्सबाईची ड्युटी तर दर आठवड्याला बदलते. हे तास अंगणवाडी देत नाही. पत्रकाची पहिली ओळ हीच पाहिजे होती: "सकाळी ६ ते संध्याकाळी ७.३०. अंगणवाडीत सोडणं, आणणं, झोपवणं, खाऊ." फुगे नकोत.

सोडणं-आणणं लिहिलं की ते नीट करावंही लागतं, आणि घोळ इथंच होतो. आईबापांकडून लेखी संमती घ्या, आणणाऱ्या बाईचा फोटो आणि नंबर त्यावर लावा, एक प्रत सेविकेकडे, एक तुमच्याकडे. संमती नसेल तर सेविका लेकरू सोडणार नाही, आणि तेच बरोबर आहे. चालत आणायचं तर एका बाईबरोबर दोनच लेकरं, एका हाताला एक. तिसरं हातात नसतं, ते रस्त्यावर असतं. अंतर पाच-सात मिनिटांपेक्षा जास्त असेल तर एप्रिलच्या दुपारी चालवू नका. ठरलेली रिक्षा लावा आणि तिचा खर्च फीपासून वेगळा सांगा.

फीवर आईबाप हटकून घासाघीस करतात. "आता अर्धाच दिवस आहे ना, मग अर्धी फी घ्या." अर्धी घेऊ नका! समजा पूर्ण दिवसाचे ३,५०० असतील तर अंगणवाडीनंतरच्या वेळेचे २,५०० सांगा, आणि कारणही सांगा. वाचतो फक्त सकाळचा खाऊ. मदतनीस बाईचा पगार तोच राहतो आणि चार ते सात हीच सगळ्यात कष्टाची वेळ असते, झोपेतून उठलेली, भुकेली, आईची वाट बघणारी लेकरं. दुसरं, अंगणवाडीला सुट्टी असते त्या दिवशी हीच अर्ध्या दिवसाची लेकरं सकाळी आठलाच दारात येतात. म्हणून प्रवेश देताना सगळी एकाच वेळी आली तर किती झेपतील तोच आकडा धरायचा. महिन्यातले दोन पूर्ण दिवस फीत धरा, पुढच्या प्रत्येक दिवसाचा दर आधीच लिहून द्या. उशिरा न्यायला येणाऱ्यांसाठी अर्ध्या तासाचा दरही कागदावर असू द्या. तोंडी ठरलेलं तिसऱ्या महिन्यात कुणालाच आठवत नाही.

काकूंनी पत्रकात ज्यांचं नावही घेतलं नाही ती खरी गरजू लेकरं म्हणजे तीन वर्षांखालची. सहा महिन्यांनंतर त्यांना अंगणवाडीतून घरी न्यायचा आहार मिळतो, पण दिवसभर बसायची सोय नसते. त्यांच्या आया कुठं भेटतात? लसीकरणाच्या बाकावर. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लसी असतात. खासगी नोकरीत पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची रजा मिळते आणि त्यातली काही बाळंतपणाआधीच गेलेली असते. म्हणजे चौदा आठवड्यांच्या लसीला आलेली आई मनातल्या मनात दिवस मोजत असते. लेकरांच्या डॉक्टरांना विचारून तिथं एक साधा कागद लावा. रुजू व्हायच्या दोन आठवडे आधीपासून बाळाला रोज थोडा वेळ आणायला सांगा, पहिल्या दिवशी तासभर, मग दोन तास, मग एक झोप होईपर्यंत. एकदम दहा तास ठेवलेलं बाळ रडून रडून दूध तोडतं आणि आई आठवड्यात नोकरी सोडायची भाषा करते. दोन वर्षांखालची चारपेक्षा जास्त एका बाईवर टाकू नका, कुणी कितीही गळ घातली तरी.

एबीसीडीच्या तक्त्याऐवजी फोटो कसले टाकायचे? आपल्या भागात घराघरात पाण्याचे ड्रम भरलेले असतात. लहान लेकरू बुडायला वीतभर पाणी पुरतं. घट्ट झाकण लावलेला ड्रम आणि बाथरूमची बाहेरून कडी, हा पहिला फोटो. दुसरा कूलरचा. लोखंडी कूलरला ओल्या हाताने शॉक बसतो, म्हणून अर्थिंग आणि ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारं बटण), शिवाय लेकरांचा हात पोचणार नाही अशी खिडकीबाहेरची जागा. तिसरा फ्रीजमधल्या नाव आणि वेळ लिहिलेल्या डब्यांचा. आईचं काढलेलं दूध २५ अंशांपर्यंत चार तास बाहेर टिकतं. आपल्याकडे एप्रिलात घरातच त्याच्या कितीतरी वर असतं. लाईट जाते तेव्हासाठी बर्फाच्या पिशव्यांचा डबा तयार असतो हेही लिहा. लेकरांचे चेहरे मात्र आईबापांना विचारल्याशिवाय स्टेटसला टाकू नका.

हो, केंद्राच्या पाळणा योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं चाललं आहे, सहा महिने ते सहा वर्षं, दिवसाला साडेसात तास, पंचवीस लेकरांपर्यंत. ते गल्लोगल्ली झालं तर काकूंचे दुपारचेही तास जातील. तरी सकाळी सहा आणि संध्याकाळी साडेसात उरतीलच.

आता राग जरा उतरलाय म्हणून हेही लिहिते. लेकरू हातात घेतलं की ते शांत होतं अशी काकूंची ख्याती आहे. पत्रक बहुतेक छापखान्यातल्या पोरानं दुसऱ्या कुणाचं बघून केलेलं असणार. त्यांनी आजच सेविकेला जाऊन भेटावं. आपल्याकडच्या प्रत्येक लेकराचं नाव अंगणवाडीत राहू द्यावं, आहार, वजन, लस सगळं चालू राहतं. सेविकेला रोज आया विचारतातच, दुपारी कुठं ठेवू? त्या वेळी तिच्या तोंडी कुणाचं नाव येतं यावर काकूंचा जून ठरेल.

आणि जूनची वाट बघत बसायचं नाही. जिल्हा परिषदेच्या शाळा गुढीपाडव्याला पट वाढवायला फिरतात, तेव्हाच आईबापांचं ठरत असतं. बघायला येणाऱ्या आईला रविवारी बोलावू नका, तेव्हा घर रिकामं आणि आवरलेलं असतं. कामाच्या दिवशी दुपारी चारला बोलवा. वेळा, फी आणि सुट्ट्यांचा कागद आल्या आल्या तिच्या हातात द्या, मग तिला हवं तितका वेळ बसू द्या.