‘र्‍याकुनिन’ हे नाव बदललं, पण पुढे काय झालं?

काल रात्री धाकट्या बहिणीने एक फॉरवर्ड पाठवला, खाली विचारलं, "दादा, करून टाकू का?" भाच्याचा दमा दोन वर्षं हटत नाहीये, आणि कुणा अंकशास्त्रवाल्याने त्याच्या नावाचं स्पेलिंग बदलायचे अकरा हजार सांगितलेत. फॉरवर्ड असा: "जपानमध्ये ‘र्‍याकुनिन’ नावाचं अशुभ युग आलं. माणसं पटापट मेली, राजाही गेला. अडीच महिन्यांत नाव बदललं आणि देश वाचला."

राजाचं आधी उरकतो. त्या वेळचा सम्राट शिजो १२३२ मध्ये गादीवर आला, वारला १२४२ मध्ये, म्हणजे हे युग संपून जवळपास तीन वर्षांनी. युग म्हणजे वर्षं मोजायला नाव दिलेला कालखंड; त्याच्या एकट्याच्या कारकिर्दीत अशी सात युगनावं झाली. एक सम्राट, एक युग ही पद्धत १८६८ पासूनची.

नाव लोकांना अशुभ वाटलं, हे मात्र कबूल. १२३८ च्या डिसेंबरअखेर ठेवलं आणि १२३९ च्या मार्चमध्ये काढलं. जपानचं सर्वांत अल्पायुषी युग ते हेच. ‘ह्याकुरेनशो’ या जुन्या बखरीत कारण आहे: लिहायला ‘पंचांग’ आणि ‘करुणा’ ही अक्षरं, पण कानाला ‘माणसं गाळणं’ असं ऐकू येतं, अशी चर्चा होती. ही कुजबुज आहे, मेलेल्यांची मोजदाद नव्हे.

आणि "देश वाचला"? पुढचं ‘एन्ओ’ युग जेमतेम दीड वर्ष टिकलं. धूमकेतू, भूकंप, अवर्षण, की पुन्हा नवं नाव.

खरा राग येतो तो पुढच्या गोष्टीचा, जी फॉरवर्डमध्ये नाहीच. र्‍याकुनिनच्या आधी काही वर्षं ‘कांगी’ युग होतं. त्या नावात चक्क ‘आनंद’ हे अक्षर आहे. त्याच युगात, १२३० च्या ऐन उन्हाळ्यात मिनो प्रांतात बर्फ पडलं, पिकं गेली, भीषण दुष्काळ आला. लोकांनी पोटासाठी पोरंबाळं विकली, स्वतःलाही विकलं. कामाकुरा शहरातून कारभार करणाऱ्या लष्करी सत्तेने तेवढ्यापुरती ती विक्री चालू दिली आणि १२३९ मध्ये तिच्यावर बंदी घातली. माणसं गाळली गेली ती इथे, इतक्या शुभ नावाखाली!

अगं, स्पेलिंग राहू दे तसंच. पोराचा पंप संपत आलाय, तो आधी आण. सोमवारी मी येतो, तिघं मिळून छातीच्या डॉक्टरांकडे जाऊ.