खून, पण एसओपीप्रमाणे

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ कडे सरकला की दुपारी माणसानं घराबाहेर पडू नये आणि घरात खूनकथा वाचावी, असं माझं स्पष्ट मत आहे. कूलरच्या ताट्यांमधून येणारा वाळ्याचा वास, पोटात पन्हं, मानेखाली लोड आणि पहिल्याच पानावर मुडदा. यापेक्षा जास्त मी आयुष्याकडे मागत नाही.

यंदा सीताबर्डीवरून आणलेली कादंबरी जैवतंत्रज्ञानाच्या कंपनीत घडते. आम्हा वैदर्भीयांना या विषयातला खून नवा नाही. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली ती बोंडअळीचा काटा काढायलाच. विष मातीतल्या एका जिवाणूच्या जनुकाचं, हत्यार सरकीतच दडवलेलं, कट अगदी बिनचूक. पुढे गुलाबी बोंडअळीला ते विष पचायला लागलं आणि ती अजून ठणठणीत आहे. त्यामुळे निदान कादंबरीत तरी कोणी नीट मरावं, एवढीच अपेक्षा होती.

पण माझी भाची बुटीबोरीला एका औषध कंपनीत क्यूएमध्ये आहे आणि सध्या आमच्याकडे राहते. दुसऱ्यानं केलेलं काम ठरवून दिलेल्या लेखी पद्धतीप्रमाणे, म्हणजे एसओपीप्रमाणे, बरोबर आहे का, हे न थकता तपासणाऱ्या लोकांना क्यूए म्हणतात. ही सवय घरी येताना गेटवर ठेवून येता येत नाही.

"काय वाचून राहिले मामा?"

"खून झाला. इन्सुलिनच्या कंपनीत. प्रेत क्लीनरूममध्ये सापडलं."

"कोणत्या ग्रेडच्या?"

प्रेत कुठल्या ग्रेडमध्ये, म्हणजे किती स्वच्छ खोलीत पडलंय, असं विचारणारं माणूस मला आजवर भेटलं नव्हतं. मी गप्प बसलो. तिथेच माझी दुपार गेली.

"स्टराइल एरिया असेल तर खुनी आत गेलाच कसा? बाहेरचे कपडे काढा, हात धुवा, मग हूड, मास्क, गॉगल, बूट, ग्लोव्हज. एवढ्यात राग उतरून जाते ना मामा. आणि चाकू न्यायचा तर आधी ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेनं निर्जंतुक करावा लागते. १२१ अंशांवर, पंधरा मिनिटं."

"बरं, नेला. भोसकला. मग?"

"मग बॅच रिजेक्ट."

"अगं, माणूस मेला!"

"ते पण लिहावं लागेल. डेव्हिएशन उघडायचं, म्हणजे नियम मोडल्याची नोंद, मग रूट कॉज शोधायचा."

"आणि पोलीस?"

"त्यांना आधी गाउनिंगचं ट्रेनिंग. ट्रेनिंग रेकॉर्ड नसेल तर आमच्या एमडींना पण आत सोडत नाहीत."

मग तिनं त्यांच्या धंद्यातलं ब्रह्मवाक्य ऐकवलं: जे लिहिलं नाही, ते घडलंच नाही. म्हणजे खुन्यानं लॉगबुकात नोंद केली नाही तर खून झालाच नाही का, असं मी विचारलं. "ऑडिटपुरता नाही," ती म्हणाली आणि बर्फाचं पाणी आणायला उठली.

दुसरं प्रेत लेखकानं उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये कोंबलं होतं. त्यात रॅकच इतके असतात की उंदीर मावायचा नाही आणि दार जास्त वेळ उघडं राहिलं तर अलार्म वाजतो, असं कळलं. आता कोणाचंच मरण मला धड लागेना.

तिला पसंत पडला तो फक्त तिसरा खून. द्रव नायट्रोजनचा. उणे १९६ अंशांचं ते द्रव सांडलं की त्याचा जवळजवळ सातशे पट वायू होतो आणि बंद खोलीतला ऑक्सिजन हुसकावून लावतो. वास नाही, रंग नाही. जीव गुदमरल्याचंही कळत नाही, कारण ती जाणीव करून देतो कार्बन डायऑक्साइड आणि तो तर श्वासावाटे बाहेर जातच असतो. "हे मस्त जमलं," असं ती पाटवडी रस्सा ओरपत म्हणाली, तेव्हा बायकोनं पोळी वाढता वाढता हात थांबवला.

पुढे इन्सुलिन निघालं. केनेथ बार्लो नावाच्या इंग्लिश नर्सनं बायकोला तेच टोचून मारलं होतं. सुईच्या जागेवरचा अर्क उंदरांना टोचून तज्ज्ञांनी ते शोधून काढलं आणि १९५७ साली त्याला जन्मठेप झाली. आता तर सोपं आहे म्हणे. शरीर स्वतः इन्सुलिन बनवतं तेव्हा सोबत तितकंच सी-पेप्टाइड सुटतं, बाहेरून टोचलेल्यात ते नसतं.

आई इतका वेळ ऐकत होती. तिला मधुमेह आहे.

"माह्या इन्सुलिनची शिशी आजपासून माह्या उशाशी ठेवा बाप्पा."

"आजी, ते दोन ते आठ अंशांत ठेवावं लागते!"

"मंग फ्रिजले कुलूप लावा."

कुलूप लागलं. किल्ली आईच्या कमरेला. आता पन्हं मागायचं तरी तिच्यासमोर कारण सांगावं लागतं.

शेवटची काही पानं उरली असताना भाचीनं पुस्तक कंपनीत नेलं. "मैत्रिणीनं मागितलं," एवढंच सांगितलं. परत आलं तेव्हा सगळा विभाग त्यावरून फिरलेला दिसत होता. शेवटच्या प्रकरणात खुन्याचं नाव निळ्या पेनानं एकाच सरळ रेघेत खोडलेलं, खालचं वाचता येईल असं, त्यांच्या नियमाप्रमाणे. वर दुसरं नाव. बाजूला सही, तारीख आणि कारण: 'सदर व्यक्ती घटनेच्या दिवशी रजेवर. पान १४० पाहावे.'

मी पान १४० काढलं. होता खरा रजेवर.